मारिओच्या माहेरी

क्योतोला जाऊन आलेल्या बाईनं देवळांविषयी लिहावं अशीच तुमची अपेक्षा असणार. देवळं पाहिली हो, पाय दुखेपर्यंत पाहिली. पण आज मी तुम्हांला नेणार आहे ती पत्त्यांच्या एका जुन्या कारखान्यात.

आमच्या ह्यांना २०२५ च्या ऑक्टोबरात कंपनीच्या कामासाठी क्योतोला जायचं होतं. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी आणि आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव बरोबर निघालो. चिरंजीवांची अट एकच : उजी गावातलं निन्टेंडोचं संग्रहालय दाखवायचं. तुमच्या घरात ह्या वयाचा मुलगा असेल तर हे नाव काय चीज आहे ते मी सांगायला नको. त्याच वर्षी ५ जूनला ह्या कंपनीचं 'स्विच २' हे खेळाचं नवं यंत्र निघालं आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. एकट्या जपानात कंपनीच्या पहिल्या सोडतीत सुमारे २२ लाख लोकांनी नावं घातली, हे मला गवार मोडताना ऐकवलं गेलं. शिवाय 'मारिओ कार्ट' ह्या शर्यतीच्या खेळाचा नवा भाग! हा खेळ १९९२ पासून निघतोय.

"अरे, त्याच गाड्या, तोच मिशाळ बुवा, आणि त्यासाठी पुन्हा नवं यंत्र?" मी म्हटलं.

"आई, तू शाळेत दरवर्षी तेच धडे शिकवतेस ना? मग?"

मी अर्धवेळ शिक्षिका. बोलणं झोंबलं. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं.

तर उजी. जपानात हे गाव चहासाठी नावाजलेलं. १०५३ साली बांधलेला इथला फिनिक्स मंडप दहा येनच्या नाण्यावर आहे. संग्रहालय मात्र ओगुरा ह्या स्टेशनाजवळ साध्या वस्तीत आहे. क्योतोहून लोकलनं अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. जायचं असेल तर एक लक्षात ठेवा : तिकीट दारात मिळत नाही. तीन महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं. आम्ही जुलैतच घातलं होतं. आणि मंगळवारी सुट्टी असते.

ही कंपनी १८८९ साली सुरू झाली ती 'हानाफुदा' नावाचे फुलांचे पत्ते करायला. बारा महिन्यांची बारा झाडं-फुलं, प्रत्येकाचे चार, असे ४८ पत्ते. आकडा एकावरही नाही. १९६९ साली पत्त्यांसाठी बांधलेल्या कारखान्यातच २०२४ च्या ऑक्टोबरात हे संग्रहालय उघडलं. वरच्या मजल्यावर कंपनीनं आजवर काय काय करून पाहिलं ते मांडलंय. खेळणी, ठोकळे, चक्क एक बाबागाडीसुद्धा! म्हणजे ह्यांचाही जम एका दिवसात बसला नव्हता.

पुढे गेले आणि पाय थबकले. काचेमागे लाल-पांढरं यंत्र : १९८३ चा 'फॅमिकॉम'. नव्वदीत आपल्याकडे जो 'टीव्ही गेम' मिळायचा तो बहुधा ह्याचीच नक्कल. कॅसेटमध्ये फुंकर मारून ती बसवायची, आठवतं का? आमच्याकडे तो माझ्या धाकट्या भावासाठी आला होता. तो मारिओ आणि मी हिरव्या टोपीचा लुईजी. मारिओ मेला की लुईजीची पाळी. आणि नेमकी पाळी आली की आतून आईची हाक यायची, "पोळ्या लाटायला ये गं."

हे सगळं मी चिरंजीवांना पहिल्यांदाच सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मला हाताला धरून मारिओच्या भागांपाशी नेलं. "तुझ्या १९८५ च्या मारिओला मागे जाता यायचं नाही, आठवतंय? मागचं सगळं बंद." खरंच की! सुटलेलं नाणं सुटलंच. "१९८८ च्या तिसऱ्या भागात तो मागे वळू शकला. १९९६ मध्ये चहूकडे. म्हणून पुढचा भाग हवा असतो, आई." इतकं नीट तो शाळेच्या अभ्यासाविषयीही कधी बोलला नव्हता.

खालच्या मजल्यावर खेळ आहेत. प्रत्येकाच्या प्रवेशपत्रात दहा नाणी. एकेका खेळाला एकापासून चारपर्यंत लागतात, जास्त विकत मिळत नाहीत. महिनाअखेरचा हिशोबच म्हणा ना. एका खेळात जुन्या जपानी बैठकीच्या खोलीत बॅटनं चेंडू टोलवायचे. आपल्या घरात ज्यासाठी धपाटा मिळतो, त्याला इथे नाणी मोजायची!

पण आमची निम्मी नाणी गेली ती माणसाएवढ्या हातयंत्रावर. ते एकट्याला चालत नाही. एकानं दिशा द्यायची, दुसऱ्यानं उडी मारायची. उडीचं बटण माझ्याकडे आलं. साडी नव्हे, पंजाबी ड्रेस घालून गेले होते ते बरं झालं. "आई, आता! आता!" म्हणेपर्यंत आम्ही खड्ड्यात. तीनदा. तो रागावला नाही. चौथ्या वेळी खड्डा ओलांडला तेव्हा मागच्या रांगेतल्या एका जपानी आजी टाळ्या वाजवत होत्या.

नवं यंत्र आम्ही आणलं नाही. ते निघालं तेव्हा जपानी बाजारासाठीचं ४९,९८० येनला होतं, पण ते फक्त जपानी भाषेत चालतं. सर्व भाषांचं ६९,९८० येनला. चिरंजीवांच्या साठलेल्या खाऊच्या पैशांत जेमतेम जपानी बसत होतं. "थांबतो," तोच म्हणाला. उरलेल्या पैशांची जबाबदारी कुणाची, हे अजून ठरायचंय. ह्यांनी अंग काढून घेतलंय.

आणला तो हानाफुदाचा जोड. रात्री हॉटेलच्या खोलीत चटईवर डाव मांडला. डाव जुळला की थांबून गुण घ्यायचे, नाहीतर 'कोई-कोई' म्हणून पुढे खेळायचं, आणि तोवर समोरच्याचा जुळला तर नुकसान. साडेअकरा वाजले, ह्यांनी दिवा घालवायला दोनदा सांगून झालं. माझा डाव जुळला होता. चिरंजीव माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कोई-कोई," मी म्हटलं.