पहिल्या रांगेतला माणूस

रग्बीचा २००३ चा विश्वचषक इंग्लंडला कोणी जिंकून दिला असं विचारलं, तर ज्यांना या खेळातलं थोडंफार कळतं ते जॉनी विल्किन्सनचं नाव घेतील. सिडनी, २२ नोव्हेंबर, जादा वेळेतले शेवटचे क्षण, आणि त्याने कमजोर समजल्या जाणाऱ्या उजव्या पायाने मारलेली किक. इंग्लंड २०, ऑस्ट्रेलिया १७. मी मात्र त्याच्या काही सेकंद आधीचं दृश्य पुन्हा पुन्हा पाहते. मैदानाच्या कडेला एक धिप्पाड माणूस चेंडू डोक्यावर धरून उभा आहे. जवळच्या खेळाडूकडे सोपा चेंडू न टाकता तो थेट रांगेच्या मागच्या टोकाला, लुईस मूडीकडे फेकतो. ती फेक चुकली असती तर पुढची किक झालीच नसती. फेकणारा होता स्टीव्ह थॉम्प्सन, संघाचा हूकर.

रग्बी युनियनच्या पंधरा जणांत आठ फॉरवर्ड असतात. स्क्रम लावताना दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकून एकमेकांत खांदे अडकवतात आणि रेटतात. पहिल्या रांगेत दोन प्रॉप आणि मधे हूकर. त्याचे दोन्ही हात बाजूच्या दोघांच्या खांद्यांभोवती गुंतलेले, म्हणजे पुढचा धक्का घ्यायला उरतात फक्त मान आणि खांदे. धावत जाऊन गुण मिळवणारे बहुतेक वेळा दुसरेच.

आमच्या खटकचिंचोळीत रग्बी कोणाला माहीत असायचं काही कारण नाही. इथे कबड्डी आणि जत्रेतली कुस्ती. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मोबाईलवर स्क्रम दाखवला तेव्हा त्यांनी आधी खेळाडूंचे कान पाहिले. चुरगळून गोळा झालेले, अगदी त्यांच्या स्वतःच्या डाव्या कानासारखे. "हे आपल्यातलंच हाय की गं," म्हणाले. आजी पलीकडून म्हणाली, "रेड्यावाणी डोकं लावायलेत, त्यात काय बघायचं?"

हा विषय घरात आला तो माझ्या धाकट्या भावामुळे. वय सतरा, पुण्यात डिप्लोमाला. कबड्डीतली त्याची पकड आणि वजन बघून तिथल्या कोचने त्याला प्रॉप केलं. आता निवड चाचणी आहे आणि फॉर्मवर पालकांची सही हवी. आई मला म्हणाली, "तू इंग्रजी वाचतीस, बघ बरं ह्या खेळात काय होतंय ते. खरं काय ते सांग." म्हणून मी वाचत गेले आणि थॉम्प्सनपाशी थांबले.

इंग्लंडसाठी ७३ सामने. सुरुवात फ्लँकर म्हणून, मग नॉर्थॅम्प्टन क्लबमध्ये हूकर. २००७ मध्ये मानेच्या दुखापतीने निवृत्ती, मग बरा होऊन पुन्हा मैदानात, २०११ चा विश्वचषकही खेळला. त्याच वर्षी मानेनेच त्याला कायमचं थांबवलं. आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने जगाला सांगितलं की त्याला स्मृतिभ्रंश झालाय. तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. सामन्याचं चित्रण आहे, पदक आहे, आठवण नाही. त्याच्यासह आणखी काही माजी खेळाडूंनी खेळाच्या संस्थांविरुद्ध कायदेशीर दावा उभा केला. त्याच्या मेंदूला बहुधा जो आजार झालाय, त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, म्हणून त्याने मेंदू संशोधनासाठी देऊ केला आहे.

एकाच मोठ्या माराने हे होतं असं नाही, हे मला नवीन होतं. बेशुद्ध न पाडणारे छोटे धक्के, सामन्यात आणि सरावात, वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी मेंदू कवटीच्या आत हलतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

मी घरात सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. भावाने लगेच बाजू मांडली: २०१३ पासून स्क्रममध्ये आधी एकमेकांना धरायचं आणि मगच भिडायचं असा नियम आहे, डोक्याला मार लागल्याचा संशय आला की खेळाडूला बाहेर काढून तपासतात. हे खरंच आहे. मग म्हणाला, "राहुल बोस १९९८ च्या भारताच्या पहिल्या संघात होता, त्याला काय झालंय?" मी म्हटलं, तो बॅकमध्ये खेळायचा, पहिल्या रांगेत नाही. त्यावर तो गप्प बसला. मला बरं वाटलं नाही. त्याच्याकडे पहिल्यांदाच असं काही आलंय जिथे त्याचं जाडेपण चेष्टेचा विषय नाही, हे मलाही दिसतं.

आबा बराच वेळ कान चोळत बसले होते. मग विचारलं, "मला हरलेल्या कुस्त्या बी आठवत्यात. त्या पोराला जिंकलेली बी आठवत न्हाई?"

"नाही, आबा."

आईने फॉर्म घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. शेवटची तारीख अजून बारा दिवसांवर आहे. भाऊ सुट्टीत रोज पहाटे भालकी रस्त्याने पळून येतो, आणि आई त्याच्यासाठी दोन अंडी जास्त उकडते.