१२,००० रुपयांचा सरंजाम

दादरा आणि नगर हवेलीच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी कधी ना कधी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापाशी येऊन थांबतोच. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून सुटला. पुढच्या वर्षी २२ डिसेंबरला पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला आणि १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. इथल्याच सुरंगीत राहून मी मुलांच्या प्रबंधांच्या तळटीपा तपासते, आणि इंटरनेटवरचा संदर्भ कसा द्यावा हे मला याच निकालावरून सर्वांत नीट सांगता येतं.

एक मुलगी लिहिते, ‘पोर्तुगीजांना इथे सार्वभौमत्व कधी मिळालंच नव्हतं, असं न्यायालय म्हणालं.’ दुसरा लिहितो, ‘पोर्तुगालचं सार्वभौमत्व न्यायालयाने मान्य केलं.’ दोघांच्या तळटिपांत एकेक लिंक असते, आणि दोन्ही लिंक कुणी तरी केलेल्या सारांशाच्या असतात. मग मूळ निकाल उघडायचा. पोर्तुगालचा आधार होता १७७९ चा पुण्याचा तह आणि मराठ्यांनी १७८३ व १७८५ मध्ये दिलेल्या सनदा. न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे समोर आलेले वेगवेगळे पाठ पाहिले, सनदांची भाषा पाहिली आणि ठरवलं की पोर्तुगीजांना मिळाली ती वर्षाला १२,००० रुपयांची जहागीर, म्हणजे सरंजाम. मुलूख त्यांच्या मालकीचा झाला नव्हता. पण निकाल इथे संपत नाही. पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगालचं सार्वभौमत्व वागणुकीतून, न बोलता मान्य केलं, असंही न्यायालय नोंदवतं. दोन्ही विधानं एकाच निकालातली आहेत; मधे काही ओळींचं आणि कित्येक दशकांचं अंतर आहे. म्हणून नुसती लिंक पुरत नाही. पान हवं.

‘खटला कोण जिंकलं?’ या प्रश्नाचंही तेच. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल भारताच्या हद्दीतून नेण्याचा पोर्तुगालचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारला गेला. भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं. एका ओळीच्या सारांशात यातलं काय टिकणार?

आता लिंकचं. न्यायालयाच्या संकेतस्थळाची मांडणी मधल्या काळात बदलली आणि जुन्या प्रबंधांतले लांबलचक पत्ते निकामी झाले. पण ज्याने खटल्याचं नाव, निकालाची तारीख आणि ‘आय.सी.जे. रिपोर्ट्स १९६०, पृष्ठ ६’ असं लिहून ठेवलं होतं, त्याचा वाचक आजही तिथे पोचतो. तो निकाल त्या खंडाच्या सहाव्या पानावर सुरू होतो, आणि संकेतस्थळ कितीही वेळा बदललं तरी ते पान हलत नाही. माझा आग्रह असतो तो हाच: आधी दस्तऐवजाची ओळख लिहा, लिंक त्यानंतर. अमेरिकेत हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ च्या सुमारास तपासलं, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या लिंकपैकी जवळपास निम्म्या मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हत्या.

आपल्या भागात याची झळ जास्त लागते. २६ जानेवारी २०२० ला दादरा आणि नगर हवेली, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. प्रशासनाचं नाव बदललं, त्याबरोबर सरकारी पानंही हलली. म्हणून अशा पानाची प्रत आधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करायची आणि तिचा पत्ता मूळ पत्त्याशेजारी लिहायचा. पान पाहिल्याची तारीख इथे हवीच. १९६० च्या निकालाला ती नसली तरी मी अडवत नाही, कारण तो मजकूर आता बदलणार नाही. विकिपीडियाचा संदर्भ द्यायचाच असेल तर ‘इतिहास पहा’मध्ये जाऊन त्या दिवसाच्या आवृत्तीचा पत्ता घ्यावा. शोधगंगेवरच्या प्रबंधाला १०६०३ ने सुरू होणारा कायमचा हँडल क्रमांक असतो. तो सोडून ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलण्यात अर्थ नाही. स्वल्पविराम एपीएप्रमाणे की एमएलएप्रमाणे, यावर मात्र मी कुणाला ताटकळत ठेवत नाही. तो एका संध्याकाळीत दुरुस्त होतो.

मराठी विश्वकोशाच्या बाबतीत एक गोष्ट मला मनापासून खटकते. कित्येक नोंदींखाली लेखकाचं नाव असतं, तरी तळटिपेत फक्त संकेतस्थळ येतं. कुणी तरी कष्टाने लिहिलेली नोंद अशी बेवारशी होते. शिवाय नोंद छापील खंडात आली त्या वर्षी तिथली आकडेवारी ताजी होती. ती आज पडद्यावर दिसते म्हणून आजची ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. हा आकडाही जनगणनेचं वर्ष सोबत नसेल तर दिशाभूल करतो.

हल्ली मुलं मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचे व्हिडिओही संदर्भाला घेतात, आणि ते मला आवडतं. वारली, कोकणा घरांतल्या म्हाताऱ्यांचं बोलणं आजवर कुठल्या खंडात छापून आलं? पण सूचीत चॅनेलचं नाव येतं, बोलणाऱ्याचं येत नाही. मी वही परत देते आणि विचारते: बोलणारं कोण, कोणत्या गावचं, ध्वनिमुद्रण कधीचं, आणि हे वाक्य कितव्या मिनिटाला आहे?