बाळाच्या छातीतले दूध

घरात नवे मूल जन्मास आले, की घरातील प्रत्येक वडील माणूस दोन महिन्यांपुरता तरी वैद्य होतो. कोणी टाळूचा अधिकारी, कोणी गुटीचा, कोणी धुरीचा. आणि ज्यास यांपैकी काहीच येत नाही तो निदान बाळास हातांवर तोलून वजनाविषयी अभिप्राय देतो. या वैद्यकीत माया अपार असते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. आमचा आक्षेप आहे तो एकाच प्रथेवर. आणि ती चांगल्या शिकलेल्या घरांतूनही अद्याप चालू आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो ती काळेवाडी पवनेच्या काठी आहे. नदीपलीकडे पिंपरीस कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग अलीकडे माणसे आली. लातूरची, जळगावची, साताऱ्याची, कोकणातली. आमच्या एका आळीत बाळंतिणीच्या खोलीचे चार जिल्ह्यांचे चार आचार नांदतात. शेक किती द्यावा, वेखंड केव्हा उगाळावे, याविषयी एकमत म्हणून नाही. परंतु एका गोष्टीत मात्र चारी जिल्ह्यांचे ऐक्य आम्हांस आढळले. बाळाची छाती फुगली, तर ती पिळावी!

मागील श्रावणात आमच्या धाकट्या चिरंजीवांस कन्यारत्न झाले. सून तिसऱ्या दिवशी घरी आली आणि पाचव्या दिवशी न्हाऊ घालावयास येणाऱ्या बाईंच्या ध्यानात आले, की मुलीच्या छातीला दोन्ही बाजूंस सुपारीएवढ्या गाठी आल्या आहेत. बोट लागताच पांढुरका थेंबही दिसला. त्याच दिवशी लंगोटास रक्ताचा बारीकसा डाग पडला. दुधाने कोणी दचकले नाही; रक्ताने मात्र सारे घर हादरले. बाई धीराच्या. म्हणाल्या, “घाबरू नका. रोज दोन बोटांनी दूध काढून टाकते, आठ दिवसांत मोकळं होईल.” आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस घरात सर्व आक्का म्हणतात, त्यांचे वय आज ऐंशी. त्यांनी लगेच दुजोरा दिला. “अरे, या घरातल्या सगळ्या पोरांचं काढलं आहे. तुझंसुद्धा काढलं होतं. नाही काढलं तर आत गाठी राहतात.”

या युक्तिवादास उत्तर देणे कठीण असते. आपण जिवंत आहोत हाच तेथे पुरावा म्हणून पुढे केला जातो! सूनबाई मात्र हलक्या आवाजात म्हणाली, “आत्या, डॉक्टरीणबाई बघेपर्यंत हात नको लावू या.” आम्ही सुनेच्या बाजूने कौल दिला. त्यावरून आक्का दोन दिवस आमच्याशी मोजकेच बोलल्या. एकत्र कुटुंबात असा अबोला ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे वाचकांस सांगावयास नकोच.

आमचा कौल हा काही ज्ञानाचा नव्हता; एका आठवणीचा होता. काही वर्षांपूर्वी याच आळीतील एका मुलाची छाती अशीच पिळण्यात येत होती. दोन आठवड्यांच्या त्या अर्भकाची एक बाजू लाल झाली, तापली, आणि आत पू धरला. शेवटी शस्त्राने गळू फोडावे लागले व कित्येक दिवस शिरेतून औषध चालले. आमच्या पिंपरीस पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. त्यापूर्वी अशा बाळांची काय गत होत असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. पिळण्याने कोवळ्या कातडीस सूक्ष्म इजा होते आणि बोटांवरील जंतू आत शिरतात, एवढीच त्यामागील गोष्ट. मुलीच्या बाबतीत तर अशा गळवाने पुढे वाढावयाचा स्तनाचा अंकुरच दुखावण्याचा संभव असतो. शिवाय पिळल्याने दूध आटत नाही. उलट, स्तन हाताळला जात राहिला की दूध येतच राहते, हे कोणतीही बाळंतीण सांगेल.

मग हे दूध येते कोठून? डॉक्टरीणबाईंनी हे आम्हांस फार छान समजावून दिले. जे इतरांस ‘हॉर्मोन’, त्यास आमच्या शाळेच्या पुस्तकांत ‘संप्रेरक’ म्हणत. मूळ शब्द स्टार्लिंग नामक इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला; त्याच्या मुळाशी चालना देणे या अर्थाचा ग्रीक धातू आहे. आपल्याकडील पंडितांनी सम्, प्र आणि ईर् असे जोडून तोच अर्थ नेमका पकडला. भाषांतरित परिभाषेविषयी आम्ही सहसा फारसे उदार नसतो, परंतु हा शब्द करणाऱ्यास आमचा नमस्कार. रक्तातून जाणारा, दूरच्या इंद्रियास हलवणारा निरोप म्हणजे संप्रेरक.

गर्भारपणाच्या अखेरीस मातेच्या व वारेच्या संप्रेरकांचे, विशेषतः इस्ट्रोजेनचे, प्रमाण पुष्कळ वाढलेले असते. ते वारेतून बाळापर्यंत पोचते आणि मुलगा असो वा मुलगी, त्याच्या स्तनांचा अंकुर फुगवते. नाळ कापली, की हा पुरवठा एकाएकी तुटतो. परंतु दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे बाळाच्या स्वतःच्या मेंदूतळच्या ग्रंथीतून स्रवत असते. त्यास मोकळीक मिळते आणि दोनचार थेंब दूध येते. मुलीच्या गर्भाशयाचे अस्तरही त्याच इस्ट्रोजेनने जाड झालेले असते; आधार जाताच ते थोडेसे गळते, म्हणून पहिल्या आठवड्यात दोनचार दिवस रक्ताचा डाग. निरोप धाडणारा गेला, निरोप तेवढा अंगात राहिला. असा हा प्रकार. अकाली जन्मलेल्या बाळांत ही सूज क्वचितच दिसते. पूर्ण दिवसांच्या, पक्व बाळाची ती खूण आहे. मूल किती दिवसांचे असावे हे अजमावताना डॉक्टर इतर लक्षणांबरोबर स्तनाचा अंकुरही चाचपून पाहतात. ज्यास आपण विकार समजून पिळतो, ते पक्वतेचे प्रमाणपत्र होय!

या अज्ञानात आपण एकटे नाही, हेही सांगितले पाहिजे. युरोपात या दुधास ‘चेटकिणीचे दूध’ म्हणत. चेटकिणी ते चोरून नेतात अशी तेथे समजूत होती. 

आमच्या नातीचा डाग तीन दिवसांत थांबला. छाती मात्र सहा आठवडे फुगलेली राहिली आणि मग आपोआप सपाट झाली. कित्येकांस याहूनही अधिक काळ लागतो. लाली, उष्णता, पू, ताप अथवा एकाच बाजूची वाढती सूज दिसली, किंवा रक्त आठवड्याच्या पुढे गेले वा फार गेले, तर मात्र वाट पाहू नये.

एवढ्यावर संप्रेरकांचे काम संपत नाही. मातेचा साठा ओसरल्यावर बाळाच्या स्वतःच्या ग्रंथी जाग्या होतात. मुलग्यांत पहिल्या तीन महिन्यांत पुरुषत्वाचे संप्रेरक चांगलेच चढते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास उतरते. पुढे बारातेरा वर्षांपर्यंत ते निजून राहते. शास्त्रज्ञ यास ‘लघुयौवन’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. मुलींतही तसाच, पण अधिक काळ रेंगाळणारा प्रकार होतो. आक्कांस हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या आणि अबोला सुटला.

सर्वच बाबतीत मात्र स्वस्थ बसून चालत नाही. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी हे त्याचे उदाहरण. तिचे संप्रेरक मेंदूच्या वाढीस पहिली दोनतीन वर्षे अत्यंत आवश्यक असते. आपल्या देशात हजाराच्या आसपास बाळांमागे एकात ही ग्रंथी जन्मतःच दुबळी असते. मातेकडून आलेल्या साठ्यामुळे असे बाळ जन्मतः अगदी निकोप दिसते. पुढे ते फार झोपते, कमी रडते, अंगावर पिताना आळसावते, आणि घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात, “किती गुणी बाळ! त्रास म्हणून नाही.” हे कौतुक ऐकून आम्हांस आता भीती वाटते. जन्मानंतर दोनतीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने हा दोष कळतो. आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मेंदूची हानी टळते. गोळी स्वस्त आहे, ती कुटून चमचाभर दुधात देता येते. बारशाच्या खर्चाची यादी करणाऱ्या घरांनी हा एक थेंब त्या यादीच्या शिरोभागी लिहावा. आमच्या नातीची तपासणी झाली; निकाल चांगला आला.

आणखी एक गोष्ट वजनाची. मुलगी जन्मतः २.६ किलो होती. पाचव्या दिवशी २.४ झाली. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरणे आणि दोन आठवड्यांत ते भरून येणे हा निसर्गक्रम असला, तरी ‘बाळ अंग धरत नाही’ म्हणून वरच्या दुधाची बाटली आणण्याचा सल्ला दोन घरांतून आला. गुटगुटीत बाळाची आपल्याकडे मोठी हौस! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवतींचा व त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की आपल्या खेड्यांतील पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन इतके कमी, स्नायू कमी, परंतु अंगावरील चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांहून अधिक आढळले. तेव्हा आपले बारीक दिसणारे बाळ आतून तितके बारीक नसते. त्यास घाईघाईने लठ्ठ करणे हे पुढील मधुमेहास आमंत्रण ठरू शकते. सुश्रुताने वर्षभराच्या मुलास ‘क्षीरप’ म्हटले आहे. आजचे शास्त्र सहा महिने केवळ मातेचे दूध आणि नंतर त्याबरोबर अन्न असे सांगते. बाटलीस जागा दोहोंतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सहा देशांतील, त्यांत आपली दिल्लीही आली, निरोगी व अंगावर पिणाऱ्या मुलांवरून वाढीचे तक्ते काढले. तसा एक तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे टांगला आहे. नातीचे वजन चार महिने उलटताच दुप्पट झाले आणि सहाव्या महिन्यात ६.१ किलो भरले. जन्मताना तिचा टिंब सर्वांत खालच्या दोन रेघांच्या मध्ये होता. आजही तो तेथेच आहे. आक्कांनी विचारले, “वरच्या रेघेवर कधी जाणार ही?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की तिने आपली रेघ सोडली नाही, हेच पाहावयाचे. आक्कांनी चष्मा लावून तो टिंब पुन्हा एकदा पाहिला, आणि पुढच्या महिन्याची तारीख आम्हांस कॅलेंडरवर लिहून ठेवावयास सांगितली.