रिकामी टाकी

मैत्रिणींनो, वसुबारसेची संध्याकाळ होती. एका हातात पणत्यांचं ताट, दुसऱ्या हातात काडीपेटी, अशी मी दाराकडे निघाले आणि जिन्यापाशीच थबकले. पेट्रोलचा वास! ह्यांची मोटरसायकल तिथे झाकून ठेवलेली. वाकून बघते तो काय, टाकीखालची फरशी ओली! त्या वेळी काडी ओढली असती तर? आजही अंगावर काटा येतो.

चूक म्हणाल तर आमचीच. १९८४ सालची गाडी. ह्यांचं फिरणं कमी झालं आणि अर्धवट भरलेली टाकी दोन पावसाळे तशीच राहिली. दमट हवेचं आत पाणी होतं, ते पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा गंजतो. शिवाय आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अंगणात पेट्रोल काढून घेतलं, टाकी सोडवली आणि मागच्या पडवीत भोकाला डाग द्यायची तयारी मांडली. मी म्हटलं, "अहो, जाळ कशाला?"

"अगं, रिकामी आहे. टिपूससुद्धा नाही आत."

गाडीतलं आपल्याला काय कळतं, म्हणून मी गप्पच बसणार होते. पण राहवेना. "सिलिंडर संपला म्हणून त्याच्यापाशी कुणी काडी ओढतं का?" असं म्हणून टाकी उचलली नि अंगणात नेऊन ठेवली. हे चिडले. अखेर गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "वहिनी, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट." पेट्रोल गेलं तरी वाफ उरते, हवेत मिसळते आणि ठिणगी मिळाली की टाकीच फुटते. शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही ही वाफ पेट घेते! आपल्या गॅससारखीच ती हवेहून जड. जमिनीलगत सरपटत देवघरातल्या समईपर्यंत पोचायला कितीसा वेळ?

मग आम्ही जाळाशिवाय काम केलं, सगळं उघड्यावर. साबणाच्या पाण्यानं टाकी चार-पाच वेळा धुतली. गंजासाठी सरबतातलं लिंबाचं सत्त्व, लिटरभर गरम पाण्याला ५० ग्रॅम. भोकाला बाहेरून रबराचा तुकडा दाबून बांधला, टाकी जुन्या टबात ठेवली आणि रात्रभर झाकण सैल ठेवलं, कारण आत वायू सुटतो. चिंचेनं पितळ उजळतं ना, तसाच हा प्रकार. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कडक उन्हात वाळवली. लोखंडी तवा ओला ठेवला तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको!

भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत केला आणि पेट्रोल सोसणारी दोन भागांची लांबी एकजीव मळून वर थापली. चोवीस तास हात लावला नाही. मग पाणी भरून टाकी वर्तमानपत्रावर ठेवली. कागद कोरडा राहिला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुन्हा वाळवून, तव्याला देतो तसा आतून तेलाचा हात दिला.

पण एक लक्षात ठेवा बरं का. हे ठिगळ सुईएवढ्या भोकापुरतंच. तळाचा पत्रा बोटानं दबत असेल, तर नवी टाकी घ्यावी. डाग द्यायचाच झाला, तर तो जाणकाराच्या कारखान्यात, घरी नाही.

तुळशीच्या लग्नाला अंगणात पणत्या लावल्या. त्याआधी ह्यांनी कुणी न सांगता गाडी जिन्याखालून काढून फाटकाजवळच्या पत्र्याच्या छपराखाली नेली. "आता लाव बिनधास्त," म्हणाले.

म्हणून सांगते, नाकाला वास आला आणि मनाला पटलं नाही, तर गप्प बसू नका. गाडी त्यांची असेल, पण घर आपल्या दोघांचं आहे!