समासातले आयुष्य

वाङ्मयाच्या अभ्यासकाला रोजनिशीचे आकर्षण असते ते बहुधा लिहिणाऱ्याच्या अंतरंगाचा कवडसा तीत सापडतो म्हणून. मार्था बॅलर्ड या अमेरिकन सुईणीच्या रोजनिशीत तो शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. तरीही, माणसाचे जगणे शब्दांत कसे उतरते हा प्रश्न पडला की मी याच रोजनिशीकडे वळतो.

केनेबेक नदीकाठचे हॅलोवेल हे गाव आज मेन राज्यात आहे. तेव्हा तो मुलूख मॅसॅच्युसेट्समध्ये मोडत असे. तेथे मार्थाबाईंनी १७८५ पासून १८१२ पर्यंत, सत्तावीस वर्षे, नेमाने नोंदी केल्या. नोंदींची संख्या दहा हजारांच्या घरात जाते. त्यांत ८१६ बाळंतपणे आहेत. आजची हवा, नदीवरचे बर्फ, मागावरचे कापड, रात्री कोणाकडून बोलावणे आले, मुलगा झाला की मुलगी. समासात बाळंतपणाचा क्रमांक आणि मेहनताना पोचल्याची खूण. बस्स, एवढेच.

१८७० साली स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थ यांना या नोंदी, काही अपवाद वगळता, सर्वसामान्य वाचकाच्या उपयोगाच्या वाटल्या नाहीत. लॉरेल थॅचर उलरिक यांनी मात्र त्या क्षुल्लक नोंदीच मोजल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या त्यांच्या ‘अ मिडवाइफ्स टेल’ या ग्रंथात, पुरुषांच्या हिशेबवह्यांत न उमटलेला बायकांचा सारा व्यवहार उभा राहिला: लेकींचे विणकाम, शेजारणींची उसनवार, श्रमांची देवघेव.

मग त्या कोरडेपणालाही अर्थ येऊ लागतो. पती एफ्राइम करवसुलीच्या थकबाकीपायी १८०४ मध्ये कैदेत पडले. त्या काळात मार्थाबाई आपल्या एकटेपणावर भाष्य करीत बसत नाहीत. घरात जळाऊ लाकूड आहे की नाही, ते लिहितात. वाचकाला दुःख त्या लाकडांतच ओळखावे लागते. आत्माविष्काराच्या आपल्या कसोट्या येथे अपुऱ्या पडतात.

१८१२ साली त्या वारल्या. वृत्तपत्रातील निधनवार्तेत त्यांची ओळख एफ्राइम बॅलर्ड यांची पत्नी एवढीच होती. सोबत वय, सत्त्याहत्तर वर्षे. शेकडो अर्भकांना हाती घेणाऱ्या सुईणीचा तीत उल्लेख नव्हता. तो त्यांनी स्वतःच, समासात, क्रमांक घालून करून ठेवला होता.