राहायला की ठेवायला?

घर विकत घेण्याचा प्रसंग सामान्य माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाच येतो, आणि त्या वेळी त्याला जेवढे सल्लागार भेटतात तेवढे विवाहाच्या वेळीही भेटत नाहीत. वकील कागद पाहतो, गवंडी भिंत ठोकून पाहतो, बँक पगार पाहते आणि आप्तेष्ट शेजार पाहतात. धर्मगुरूची आठवण होते ती सर्व व्यवहार आटोपल्यावर, घराला आशीर्वाद देण्यासाठी! म्हणून आमच्या एका स्नेह्यांनी व्यवहारापूर्वीच आमचे मत विचारले तेव्हा आम्हांस नवल वाटले. त्या निमित्ताने जे पाहिले व मनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे स्नेही मूळचे वसईचे. बँकेच्या नोकरीत त्यांनी जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे काही वर्षे काढली होती. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित वाडीतील हिस्सा विकला गेला आणि हाती बऱ्यापैकी रक्कम आली. चिरंजीव पोर्तुगालमध्ये लिस्बनला नोकरीस आहेत. त्यांनी तिकडील समुद्रकाठच्या एका खेड्याची छायाचित्रे पाठविली होती: पांढऱ्या भिंतींची घरे, अंगणाला लागून द्राक्षमळे आणि पलीकडे निळा समुद्र. "फादर, असे एखादे घर आपल्याकडे मिळेल काय?" हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर सोपे होते. आपल्या राज्यात समुद्र व द्राक्षवेल यांची गाठ पडत नाही. कोकणात वर्षाला दोन ते तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि हवा सदैव दमट असते. अशा हवेत द्राक्षाच्या पानांवर केवडा व भुरी या रोगांचा जोर होतो. म्हणून आपली द्राक्षे सह्याद्री ओलांडून, त्याच्या पर्जन्यछायेत व त्याही पुढच्या कोरड्या मुलखात पिकतात. नाशिक, सांगली, सोलापूर आणि काही अंशी आमचा जालना जिल्हा, हा द्राक्षाचा प्रदेश. तेथेही ऑक्टोबरमध्ये छाटणी झाल्यावर अवकाळी पाऊस आला की बागाईतदाराची झोप उडते. वेलीला पाणी मुळाशी हवे असते, पानांवर नव्हे. तेव्हा ज्याला समुद्र हवा त्याने द्राक्षे सोडावीत, ज्याला द्राक्षे हवीत त्याने समुद्र सोडावा. आम्ही हे सांगितले तेव्हा स्नेही हसले. "म्हणजे एक काहीतरी सोडायलाच हवे," ते म्हणाले.

मात्र त्या छायाचित्रांच्या मुलखाविषयी आणखीही काही सांगण्याजोगे आहे. लिस्बनच्या पश्चिमेस, सिंत्रा या गावाजवळ, अटलांटिक महासागराच्या काठी कोलारीश नावाचा द्राक्षप्रदेश आहे. तेथील वेली वाळूत वाढतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळे खाणाऱ्या एका सूक्ष्म किडीने युरोपातील द्राक्षमळे उजाड केले, तेव्हा कोलारीशच्या वेली वाचल्या, कारण त्या किडीला वाळूत पसरता येत नाही. किडीने सोडलेले हे मळे पुढे माणसाच्या हातून गेले. राजधानी जवळ, समुद्र समोर आणि हिरवाई अवतीभोवती म्हणून विसाव्या शतकात तेथे बंगले उठू लागले, आणि एकेकाळच्या विस्तीर्ण मळ्यांचा आज एक लहानसा अवशेष उरला आहे. जे आले ते वेली पाहून आले, आणि त्यांच्या येण्यानेच वेली गेल्या.

ही कथा वसईकरांस परकी वाटू नये. आगाशीची सुकेळी, पानवेलींचे मांडव, फुलांच्या वाड्या आणि गोड्या पाण्याच्या बावखली हे वसईचे वैभव पाहूनच मुंबईचा माणूस तिकडे वळला. मग वाड्यांच्या जागी इमारती आल्या, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले आणि किनाऱ्याजवळचे गोडे पाणी मचूळ होऊ लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच वेदनेतून. आमच्या स्नेह्यांचा हिस्सा ज्या वाडीत होता तेथे आता वाहनतळ आहे. हे त्यांनीच आम्हांस सांगितले, आणि नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

काही दिवसांनी त्यांचा निरोप आला की पिंपळगावला एक घर पाहावयाचे आहे, आपण सोबत यावे. पिंपळगाव म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत, द्राक्षांची ती मोठी पेठ, उभी राहिली. प्रत्यक्षात त्यांना जावयाचे होते भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईला. बँकेत असतानाच्या त्यांच्या एका जुन्या खातेदाराने तेथील घराविषयी कळविले होते. हे पिंपळगाव द्राक्षांचे नव्हे, मिरचीचे. हंगामात तेथे हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो, दूरदूरच्या राज्यांतील व्यापारी येतात आणि रात्री उशिरापर्यंत मालमोटारी भरल्या जातात. समुद्र तेथून शेकडो मैल दूर आणि द्राक्षवेलही दारी नाही. "मग हे घर कशासाठी?" आम्ही विचारले. "तिथली माणसे ओळखीची आहेत," एवढेच उत्तर मिळाले.

वाटेत जालन्याजवळचे कडवंची गाव पाहण्याचा आग्रह आम्ही धरला. द्राक्षवेल कोठे व कशी नांदते हे स्नेह्यांनी एकदा पाहावे असे आम्हांस वाटत होते. जालना जिल्ह्याचा पाऊस सातशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा ठिकाणी कडवंचीत १९९६ ते २००१ या काळात पाणलोट विकासाचे काम झाले. खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राने ते गावकऱ्यांकडून करून घेतले. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम या नावाने ते ओळखले जाते. जर्मनीचे अर्थसाहाय्य आणि नाबार्डची व्यवस्था असलेल्या या कार्यक्रमाच्या मुळाशी स्वित्झर्लंडमधून येऊन अहमदनगर भागात आयुष्य वेचलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांची दृष्टी होती. कार्यक्रमात सहभागी होणाऱ्या गावाला आधी स्वतःवर काही बंधने घालून घ्यावी लागत. मोकाट चराई बंद, झाडतोड बंद आणि सर्वांनी श्रमदान करावयाचे. मग माथ्यापासून पायथ्याकडे समतल चर, बांध आणि नाल्यांवरील अडथळे. धावणारे पाणी चालू लागले, चालणारे थांबले आणि थांबलेले मुरले. त्यानंतर द्राक्षबागा आल्या, शेततळी आली. २०१२च्या भीषण दुष्काळातही कडवंचीच्या बागा तगून राहिल्या, आणि आज त्या बागांमधून पक्की घरे उभी दिसतात.

स्नेह्यांना आम्ही तेथील क्रम दाखविला. प्रथम संयम, मग पाणी, मग वेल आणि सर्वांत शेवटी घर. कोलारीशला व वसईला हा क्रम उलटा झाला. घर आधी आले, त्याने वेल हटविली आणि पाण्याला ओहोटी लागली.

पिंपळगाव रेणुकाईचे ते घर जुन्या वळणाचे, माळवदाचे होते. जाड मातीच्या भिंती, पुढे ओसरी, मागे थोडे परसू आणि परसात एक आड. मालकीण सत्तरी ओलांडलेल्या आजी. मुलगे पुण्याला कारखान्यात, सुना-नातवंडे तिकडेच. आजींना एकटीने राहणे झेपेना.

कागदांची पाहणी सुरू झाली. खेड्यात घर घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. शेतजमीन घ्यावयाची तर सातबारा, फेरफार आणि त्यातील इतर हक्कांचा रकाना पाहावा लागतो. कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा हे सारे तेथे नोंदलेले असते. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा हा सर्वसाधारण नियम आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे येथे १९५०चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा पाहावा लागतो. शिवाय तुकडेबंदीचा १९४७चा कायदा आहेच. गावठाणातील घराचे तसे नाही. ते कोणासही घेता येते, परंतु त्याचा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखविला जातो, पण तो कर आकारणीचा उतारा होय, मालकीचा पुरावा नव्हे. २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. ते पत्रक असल्यास उत्तम. नसल्यास जुनी खरेदीखते, वारसांची संमती आणि चतुःसीमा नीट तपासून घ्याव्यात.

आमच्या स्नेह्यांनी हे सर्व तपासले. वारसांची संमती होती, चतुःसीमाही जुळत होत्या. पण एक गोष्ट कोणत्याच कागदात नव्हती. परसातील त्या आडावर शेजारची तीन घरे पाणी भरीत असत. परसाच्या कुंपणाला एक लहानसे दार होते आणि ते कधीच बंद होत नसे. नळाला पाणी येईना की, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, त्या तीन घरांचा आधार तो आडच होता. मध्यस्थाने स्नेह्यांना बाजूला घेऊन समजाविले, "साहेब, खरेदीखतात याचा उल्लेख नको. लिहिले नाही तर उद्या कुंपणाची भिंत घालता येईल. लिहिले तर घराची किंमत कायमची उतरेल." व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

आजी ओसरीवर बसून होत्या. त्यांच्या कानी हे गेले की नाही, देव जाणे. त्यांनी स्नेह्यांना जवळ बोलावले आणि विचारले, "भाऊ, घर घेताय ते राहायला का ठेवायला?"

त्या एका प्रश्नाने स्नेही गप्प झाले. आम्हांसही काही सुचेना. आज घर 'ठेवण्यासाठी' घेण्याची पद्धत पडली आहे. भाव वाढेल म्हणून घ्यावयाचे, कुलूप लावावयाचे, वर्षातून दोनदा येऊन गवत काढून जावयाचे. कोकणातील समुद्रकाठी, नाशिकच्या धरणांकाठी अशी कुलूपबंद घरे किती दिसतात! त्यांचा मालक गुन्हेगार नसतो, कर भरतो, कागद स्वच्छ असतात. परंतु शेजाऱ्याच्या दृष्टीने ते घर म्हणजे एक न बोलणारी भिंत.

परतीच्या प्रवासात मोटारीत आम्हांस जुन्या करारातील दोन व्यवहार आठवत राहिले. एक अहाब राजाचा. राजवाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता आणि राजाला तो भाजीच्या मळ्यासाठी हवा होता. त्याने रोख किंमत देऊ केली, बदल्यात अधिक चांगला मळाही देऊ केला. नाबोथाने वडिलोपार्जित वतन विकण्यास नकार दिला आणि त्यापायी त्याचा जीव गेला. दुसरा व्यवहार यिर्मया संदेष्ट्याचा. यरुशलेमेला वेढा पडलेला, तो स्वतः कैदेत आणि चुलतभावाचे अनाथोथ येथील शेत विकाऊ होते. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बसविले, खरेदीखत मोहोरबंद केले आणि ते मातीच्या भांड्यात जपून ठेवावयास सांगितले. भाव पडलेला, शत्रू दाराशी, आणि हा माणूस जमीन घेतो! कारण या भूमीत पुन्हा लोक नांदतील असा त्याचा विश्वास होता. अहाबाला जागा हवी होती, तेथील माणूस नको होता. यिर्मयाने जागा घेतली ती तेथे माणसे पुन्हा यावीत म्हणून. खरेदीखत दोघांच्याही कामी सारखेच. फरक घेणाऱ्याच्या मनात होता.

स्नेह्यांच्या घरी आठ दिवस चर्चा झाली. मुलाचे म्हणणे सिंधुदुर्गात समुद्राजवळ जागा घ्यावी. मुलीचे म्हणणे म्हातारपणी रुग्णालयाजवळ राहावे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि आम्ही कोणाचीच बाजू घेतली नाही. आम्ही एवढेच विचारले की आपण वर्षातील किती महिने तेथे राहाल? पती-पत्नींनी एकमेकांकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात वसईला, बाकीचे आठ महिने तिथे." मग त्यांनी हळूच पुस्ती जोडली, "म्हणजे उन्हाळ्यातही. आडाला दार आहे ना!"

खरेदीखत भोकरदनच्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदविले गेले. मिळकतीच्या वर्णनात, आडाच्या उल्लेखापुढे, शेजारील तीन घरांची पाणी भरण्याची वहिवाट पूर्वापार असून ती पुढेही राहील, अशी एक ओळ स्नेह्यांनी आग्रहाने घालून घेतली. मध्यस्थाने मान हलविली. किंमत मात्र त्यांनी एक रुपयानेही कमी करून मागितली नाही. आजींना अंगठा उमटविण्यापूर्वी ती ओळ वाचून दाखविली गेली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचावयास लावली आणि मग अंगठा दिला.