चेहऱ्यांना नावे हवीत

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या शाळेवर एक माहितीपट करावा असे ठरले. संकलनाचे तांत्रिक काम एका माजी विद्यार्थ्याने स्वीकारले आणि जुन्या चित्रीकरणाची वर्गवारी लावण्याचे काम इतिहासाचे शिक्षक या नात्याने आमच्याकडे आले. कार्यालयातील लोखंडी कपाटातून व्हीएचएस कॅसेटी, मिनी डीव्हीच्या टेपा आणि अलीकडची मेमरी कार्डे असा ऐवज निघाला. भीमजयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, स्नेहसंमेलने, श्रामणेर शिबिरे, वसतिगृहाच्या नव्या इमारतीची पायाभरणी असे सारे त्यात होते. बहुतेक टेपांवर मात्र ‘कार्यक्रम’ एवढाच शब्द लिहिलेला होता.

कागद चाळता येतो, टेप चाळता येत नाही. मिनी डीव्हीची तासाभराची टेप संगणकात उतरवायला पूर्ण एक तास लागतो आणि ती सुमारे १३ जीबी जागा व्यापते. मेमरी कार्डांची अडचण निराळी. कॅमेरा आपल्या फायलींना केवळ क्रमांक देतो आणि कार्ड रिकामे केल्यावर पुष्कळदा तेच क्रमांक पुन्हा सुरू होतात. त्यामुळे एकाच नावाच्या तीन-तीन फायली आमच्यासमोर आल्या. म्हणून प्रथम प्रत्येक टेपेला आणि कार्डाला स्वतंत्र क्रमांक दिला, मूळ फायलींच्या तीन प्रती केल्या आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवली. त्यानंतरच ‘दा विन्ची रिझॉल्व्ह’ या संकलनाच्या प्रणालीत त्या घेतल्या.

या प्रणालीत क्लिपा ज्या कप्प्यांत लावतात त्यांना ‘बिन’ म्हणतात. पूर्वी संकलक फिल्मचे कापलेले तुकडे कापडाचे अस्तर लावलेल्या पेटीवर टांगून ठेवीत. हे नाव त्या पेटीचे. ‘बिन’मध्ये मूळ फाइल येत नाही. ती कोठे आहे याची खूण तेवढी येते, ग्रंथालयातील तालिकापत्रासारखी. त्यामुळे एकच क्लिप ‘भीमजयंती’त आणि ‘लेझीम पथका’तही ठेवता येते. मात्र मूळ फाइल डिस्कवर कोणी इकडची तिकडे केली, की प्रणालीला ती सापडेनाशी होते आणि चित्राच्या जागी तांबडी पाटी दिसते. म्हणून फायलींना हात लावायचा नाही, नोंदी मात्र हव्या तितक्या करायच्या, असा दंडक आम्ही घातला.

नोंदींचे रकाने पाहून आम्हाला धम्मसाहित्याची आठवण झाली. पिटक म्हणजेही टोपली किंवा पेटीच. बहुसंख्य सुत्तांच्या आरंभी भगवान तेव्हा कोठे विहार करीत होते आणि कोणाशी बोलत होते, हे सांगितलेले असते. उपदेशाआधी स्थळ आणि माणसे यांची नोंद करण्याची ही शिस्त आपल्याच परंपरेतील आहे. संगणकाचा रकाना तीच मागणी नव्या भाषेत करतो.

तारखेचा रकाना कॅमेऱ्याने आधीच भरलेला असतो, पण तो डोळे मिटून स्वीकारता येत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी लावलेले नसेल, तर तो भलतीच तारीख नोंदवतो. भीमजयंतीच्या एका टेपेवर १ जानेवारी ही तारीख होती. मंचावरील फलकावर ‘११२ वी जयंती’ असे दिसले. बाबासाहेबांचे जन्मवर्ष १८९१. म्हणजे ते चित्रीकरण १४ एप्रिल २००३ च्या सुमाराचे. साधनाला उलटतपासणी घातल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरू नये, हे आम्ही वर्गात शिकवत आलो आहोत.

या प्रणालीच्या सशुल्क आवृत्तीत चेहरे ओळखण्याची सोय आहे. ती साऱ्या क्लिपा तपासून सारखे चेहरे एकत्र आणते आणि प्रत्येकापुढे नावासाठी जागा ठेवते. श्रामणेर शिबिरातील एका मुलाचे मुंडनापूर्वीचे आणि नंतरचे चेहरे तिने दोन माणसांचे ठरवले. त्याच्या आईने चालण्यावरून क्षणात ओळखले. जुळणी यंत्र करील, पण नाव माणसालाच सांगावे लागते.

असाच एक चेहरा अनेक वर्षांच्या टेपांतून एकत्र आला. डोक्यावर पदर, हातात परात, नेहमी चौकटीच्या कडेला. माजी विद्यार्थ्यांनी लगेच ओळखले : “या तर भाकरीच्या मावशी!” कोणी त्यांच्या हातच्या पिठल्याची आठवण सांगितली, कोणी तापात डोक्यावर ठेवलेल्या पाण्याच्या घड्यांची. त्यांचे पूर्ण नाव मात्र एकालाही सांगता आले नाही. अध्यक्ष, पाहुणे आणि देणगीदार यांची नावे निमंत्रणपत्रिकांवर छापलेली आहेत. मावशींच्या रकान्यात आज केवळ ‘मावशी’ हा शब्द आहे.

हे आम्हाला साधे वाटत नाही. इतरांच्या संग्रहांत आपली माणसे ‘जमाव’ आणि ‘अनुयायी’ या मथळ्यांखाली आढळतात, ही आपली रास्त तक्रार आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी केले, म्हणून तो लोकसागर आज आपल्याला पाहता येतो. त्यातील किती जणांची नावे आपण सांगू शकतो? निदान आपल्या घरच्या संग्रहात तरी आपण आपल्या माणसांना ‘गर्दी’ करून ठेवू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचा लेख कोरलेला आहे. दोन सहस्रकांनंतर त्या काळातील कित्येक श्रेष्ठींची नावे पुसली गेली, पण त्या सुताराचे नाव टिकले, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले.

म्हणून ही विनंती. महोत्सवाच्या दोन्ही दिवशी ग्रंथालयात संगणक मांडलेला असेल. वाचकांनी तेथे यावे, चेहरे पाहावेत आणि नावे सांगावीत. वडीलधाऱ्यांना अवश्य सोबत आणावे. ज्यांना या चेहऱ्यांची ओळख आहे, त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. ज्यांना आपले नाव नोंदीत नको असेल, त्यांनीही तसे निःसंकोच सांगावे. त्यांचा शब्द पाळला जाईल. माहितीपट पाऊण तासाचाच होणार आहे, पण नोंदवही त्याहून मोठी आहे आणि ती शाळेपाशी राहणार आहे. मावशींचे गाव, घर किंवा लेकरे कोणाला ठाऊक असतील, तर त्यांनी महोत्सवाची वाट न पाहता शाळेच्या कार्यालयात कळवावे. तो रकाना आम्ही मोकळा ठेवला आहे.

जयभीम.